शांघाय पोर्ट : मूळ बेटावरचे, मालकी बंदराची

चीनमधल्या शांघाय पोर्ट या फुटबॉल क्लबची गोष्ट बहुतेक ठिकाणी २०१४ पासून सांगितली जाते. त्या वर्षी शहराचे बंदर चालवणाऱ्या सरकारी कंपनीने क्लब विकत घेतला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ब्राझीलचे महागडे खेळाडू आले. पैसा डोळ्यांत भरतो, त्यामुळे हे साहजिकच आहे. क्लबची स्थापना मात्र डिसेंबर २००५ ची, आणि मुळे त्याहूनही मागे, यांगत्झी नदीच्या मुखाशी असलेल्या चोंगमिंग बेटावर.

चीनच्या ऑलिंपिक संघाला पूर्वी घडवलेल्या आणि १९९५ मध्ये शांघायच्याच दुसऱ्या क्लबला लीग जिंकून दिलेल्या एका प्रशिक्षकाने २००० च्या सुमारास तिथे निवासी प्रशिक्षण केंद्र उभारले. थोडे पदरचे पैसे, बाकी कर्ज. बेटाला शहराशी जोडणारा बोगदा आणि पूल २००९ मध्ये सुरू झाला, तोवर सगळी ये-जा बोटीने. मुले मुख्यतः १९८८ नंतर जन्मलेली. चीनचे मँचेस्टर युनायटेड घडवायचे, ही त्याची घोषणा तेव्हा फुशारकीच वाटावी अशी होती.

खरा वादाचा निर्णय २००५ चा. केंद्राने नुसती मुले घडवून क्लबांना द्यायची, की स्वतःच क्लब होऊन मोठ्यांच्या लीगमध्ये उतरायचे? संस्थापकाने दुसरी वाट धरली. २००६ मध्ये शांघाय ईस्ट एशिया या नावाने संघ तिसऱ्या श्रेणीत खेळू लागला. त्यातला एक फॉरवर्ड पहिल्या सामन्याच्या दिवशी १४ वर्षे २८७ दिवसांचा होता. चीनच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये इतका लहान खेळाडू तोवर उतरला नव्हता. वाढत्या वयातल्या पोरांना तिशीच्या बचावपटूंपुढे उभे करणे धोक्याचे होते, हा आक्षेप मोडीत काढता येत नाही. पण केंद्राची बाजूही भक्कम होती. वर्षाकाठी मोजक्या युवा सामन्यांवर खेळाडू पिकत नाहीत, आणि स्वतःचा संघ नसता तर ही मुले एकेक करून पांगली असती. २००७ मध्ये याच मुलांनी तिसरी श्रेणी जिंकली आणि २००९ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत शांघायला सुवर्णपदक मिळवून दिले. माझ्या मते वाद तिथेच संपायला हवा होता.

या निर्णयाची किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागली. केंद्राच्या जमाखर्चात क्लब बसत नाही. पगार, प्रवास, मैदान हा खर्च श्रेणीगणिक वाढतो आणि दुसऱ्या श्रेणीत तिकिटांतून फारसे काही हाती लागत नाही. म्हणून खेळाडू विकणे आले. २०१० चा हंगाम संपल्यावर सर्वांत गुणी बचावपटू ग्वांगझूच्या श्रीमंत क्लबकडे गेला, रक्कम १.२ कोटी युआन सांगितली गेली, त्या काळी देशी खेळाडूसाठी थक्क करणारी. इतरही काही जण गेले आणि पुढच्या हंगामात संघ गुणतक्त्यात घसरला. २०१२ मध्ये ६८ वर्षांचे संस्थापक स्वतः पुन्हा मुख्य प्रशिक्षक झाले, संघाने दुसरी श्रेणी जिंकली आणि २०१३ पासून तो सुपर लीगमध्ये, म्हणजे चीनच्या सर्वोच्च श्रेणीत आला. तिथला खर्च एका माणसाच्या आवाक्यातला नव्हताच. बंदर कंपनी आधी प्रायोजक झाली, मग नोव्हेंबर २०१४ मध्ये मालक. या विक्रीला काही जण शरणागती म्हणतात. मला ती २००५ च्या निर्णयातच लिहिलेली दिसते.

त्यानंतरचे बहुतेकांना ठाऊक आहे : २०१५ मध्ये उपविजेतेपद, मग सुमारे ६ कोटी युरोंना लंडनहून आणलेला ब्राझिलियन मिडफिल्डर, आणि २०१८ मध्ये ग्वांगझूची सलग सात विजेतेपदांची मालिका तोडून लीगचे पहिले विजेतेपद. त्या संघाचे श्रेय पैशाला देणे सोपे आहे, पण गोलकीपर, एक बचावपटू आणि मधल्या फळीतला आधार चोंगमिंगचेच होते. २७ गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोल नोंदवणारा फॉरवर्ड म्हणजे २००६ चा तो १४ वर्षांचा मुलगा. पुढे तो साडेतीन वर्षे स्पेनमध्ये खेळला, २०२२ मध्ये परतला आणि २०२४ च्या विजेत्या हंगामात ३४ गोलांचा लीग विक्रम त्याने केला. २०२३ चे विजेतेपदही क्लबचेच.

२०२१ पासून क्लबांच्या नावात मालक कंपनी दिसू नये, असा नियम देशाच्या फुटबॉल संघटनेने केला. शांघाय पोर्ट हे नाव तेव्हाचे. नियम पाळला गेला, पण मालक कोण हे नावावरून आजही कळते.

विक्रीनंतर संस्थापक बेटावरच राहिले आणि केंद्रात नव्या तुकड्या घेत राहिले. २०१६ मध्ये त्यांनी स्पेनमधल्या लोर्का शहरातला एक छोटा क्लब विकत घेतला. तो २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढला आणि एका हंगामात खाली उतरला.