मशीन कुठे बसणार ते आधी पट्टा ठरवायचा

कारखान्याचा लेआउट, म्हणजे कुठलं मशीन कुठे बसवायचं त्याची मांडणी, म्हटलं की आपण लगेच ड्रॉइंग उघडून मशीनचे चौकोन सरकवायला लागतो, पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे सरकवणं जवळजवळ जमायचंच नाही. वाफेचं एकच मोठं इंजिन, त्याच्यावर छताखाली फिरणारा लांबलचक दांडा, म्हणजे लाइन शाफ्ट, आणि शाफ्टवरून प्रत्येक मशीनला उतरणारा पट्टा, म्हणजे पट्टा पोचेल तिथे मशीन, मटेरियल कुठून येतंय ते विचारतो कोण! शाफ्ट लांबवला की घर्षणातच ताकद जायची म्हणून कारखाने मजल्यावर मजले चढवलेले, आणि माल दिवसभर वर-खाली.

वीज आली तेव्हा गंमतच झाली. बऱ्याच जणांनी इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली आणि शाफ्ट-पट्टे तसेच ठेवले. खरा फायदा दिसला तो प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर लागल्यावर, अमेरिकेत हे 1920 च्या दशकापर्यंत बरंच पसरलं. आता मशीन हवं तिथे ठेवा, एकमजली शेड बांधा, आणि पट्टे गेल्यामुळे छत मोकळं झालं तर वर क्रेन फिरवा.

फोर्डची गोष्ट सगळ्यांना माहितीये. 1913 ला त्याच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन आली, चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून साधारण दीड तासावर. कल्पना शिकागोच्या कत्तलखान्यांतली होती, तिथे मांस वरच्या ट्रॉलीवर लटकून माणसांसमोरून सरकायचं, इथे उलटं, तोडण्याऐवजी जोडणं. पण फोर्डसारखं सगळ्यांचं काम काही एकाच मॉडेलवर चालत नाही ना.

दुसऱ्या महायुद्धात फोर्कलिफ्ट आणि पॅलेट (माल रचायचे सपाट पाट) सगळीकडे झाले, सुटं सुटं उचलण्याऐवजी अख्खा गठ्ठा हलायला लागला. जपानमध्ये टोयोटाच्या ताइची ओनोंनी 1947 च्या सुमारास वेगळाच प्रश्न धरला, मुळात माल हलवायचाच कशाला? सगळे लेथ एकीकडे, सगळे ड्रिल दुसरीकडे असं न करता कामाच्या क्रमाने मशीनं लावली, आधी काटकोनात किंवा समोरासमोर, मग घोड्याच्या नालेसारखी, म्हणजे मधे उभा राहून एकच माणूस तीन-चार मशीनं सांभाळतो. मला तरी या सगळ्यात हेच सगळ्यात भारी वाटतं.

1961 मध्ये अमेरिकन इंजिनिअर रिचर्ड मथरनी लेआउटची पद्धतच लिहून काढली: कुठला विभाग कुणाच्या किती जवळ हवा ते अक्षरांत मांडायचं, ‘ए’ म्हणजे अगदी शेजारीच, ‘एक्स’ म्हणजे जवळ नकोच, जसं पेंट शॉपच्या बाजूला वेल्डिंग.