कंट्रोलर बदल (रोबोटिक्स स्पर्धा)

स्पर्धेतील रोबोचा जुना नियंत्रण बोर्ड काढून त्या जागी जास्त क्षमतेचा बोर्ड बसवणे आणि त्याप्रमाणे वायरिंग व कोड पुन्हा जुळवणे. टीममधली मुले याला नुसते ‘बोर्ड बदलणे’ म्हणतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१४ मध्ये पुण्यात भरलेल्या एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनसारख्या स्पर्धांसाठी नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत तयारी चालते, तेव्हा हा प्रसंग बहुधा आर्डुइनो मेगा सोडून एसटीएम३२ एफ४०७ किंवा टीन्सी ४.१ घेताना येतो.

कारण विचारले की वेगाचे आकडे ऐकवले जातात : मेगा १६ मेगाहर्ट्झ, एफ४०७ १६८, टीन्सी ६००. खरे दुखणे पिनांचे असते. तीन ओम्नी (आडवीही सरकणाऱ्या) चाकांच्या रोबोत प्रत्येक चाकाला फेरे मोजणारा एन्कोडर असतो. प्रत्येक एन्कोडरच्या दोन, अशा सहा वायरींना इंटरप्ट पिन (संकेत येताच प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणाऱ्या पिन) लागतात. मेगावर त्या बरोबर सहाच आहेत : २, ३, १८, १९, २० व २१. पण २० आणि २१ याच आय-टू-सीच्या (दोन वायरींवर सेन्सर जोडायच्या पद्धतीच्या) पिन, म्हणजे जायरोही (वळण मोजणारा सेन्सर) तिथेच लागणार. मग सिनियर एकाच वायरीवर इंटरप्ट ठेवतात, दिशा दुसऱ्या साध्या पिनवरून वाचतात आणि निम्म्या अचूकतेवर भागवतात. शिवाय दोन्ही वायरींवरचा प्रत्येक चढ-उतार धरला तर ६०० पल्सचा एन्कोडर एका फेऱ्यात २,४०० वेळा मोजला जातो. तिन्ही चाके सेकंदाला दहा फेरे घेऊ लागली की मेगाला दर सेकंदाला ७२,००० वेळा हातातले काम सोडावे लागते. एफ४०७ चे सहा टायमर (चिपमधलेच मोजणी करणारे भाग) ही मोजणी प्रोसेसरला न उठवता परस्पर करतात. त्यांतले चार १६ बिटी, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच मोजणारे आहेत, हे मात्र विसरू नये : सत्तावीस फेरे झाले की आकडा पुन्हा शून्यावर येतो आणि रोबोला आपण एकदम मागे गेलो असे वाटते.

मेगा ५ व्होल्टवर चालतो, नवे दोन्ही बोर्ड ३.३ वर. टीन्सी ४.१ च्या पिनांना ५ व्होल्ट अजिबात सोसत नाहीत. ओपन कलेक्टर (स्वतः व्होल्ट न देणारा) एन्कोडर असेल तर पुल-अपची (त्याला व्होल्ट पुरवणाऱ्या रेझिस्टरची) वायर ५ वरून काढून ३.३ ला लावली की झाले. अल्ट्रासोनिक सेन्सरच्या ५ व्होल्टचा संकेत देणाऱ्या ‘एको’ वायरीला मात्र व्होल्ट उतरवायला १ व २ किलोओहमचे दोन रेझिस्टर जोडावे लागतात. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात ते चिल्लरमध्ये मिळतात, पण ते न लावल्यामुळे गेलेला बोर्ड चिल्लरमध्ये येत नाही.

कोडमध्ये फसगत होते ती लाइन सेन्सरची (जमिनीवरची पट्टी ओळखणाऱ्या सेन्सरची). मेगावर वाचन ०–१०२३, एफ४०७ च्या १२ बिटी कन्व्हर्टरवर (व्होल्टचा आकडा करणाऱ्या भागावर) ०–४०९५. पट्टी की जमीन हे ठरवणारी जुनी ५०० ची मर्यादा तशीच राहिली तर पांढरी पट्टी आणि काळी जमीन रोबोला सारखीच दिसू शकते.

काढलेला मेगा सहसा न्यूमॅटिक (दाबाच्या हवेच्या) व्हॉल्व्हच्या रिलेंवर (विजेच्या स्विचांवर) नेमला जातो. नव्या बोर्डाचे ३.३ व्होल्टचे सिरियल संदेश त्याला सरळ वाचता येतात. त्याच्याकडून उलट येणाऱ्या वायरीला तेवढे तेच दोन रेझिस्टर लागतात.