फॅट फेस

लॅटिन लिपीतील अतिशय जाड, सेरिफयुक्त (रेषांच्या टोकांना लहान आडव्या रेघा असलेल्या) मुद्राक्षरांचा एक वर्ग. भित्तिपत्रके, जाहिराती व शीर्षके यांसाठी तो वापरला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, बहुधा १८०५ ते १८१० च्या दरम्यान, तो लंडनमध्ये रूढ होऊ लागला असावा.

बोदोनी (इटली) व दिदो (फ्रान्स) या मुद्राक्षरकारांच्या वळणांत जाड आणि बारीक रेषांमधील तफावत आधीच ठळक होती. फॅट फेसमध्ये बारीक रेषा व सेरिफ केसासारखे नाजूकच राहिले. फुगली ती केवळ जाड रेषा. परिणामी अक्षराच्या पोटातील मोकळी जागा चिंचोळी झाली व अक्षर आडवे पसरले. तिरप्या वळणात टोकांचे गोळे विशेष उठून दिसतात. लहान आकारात छापल्यास पोट शाईने भरते आणि बारीक रेषा तुटतात. त्यामुळे सलग मजकुरासाठी हे अक्षर निरुपयोगी ठरते.

जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अनेक संदर्भग्रंथ रॉबर्ट थॉर्न या लंडनच्या ओतारीचे (मुद्राक्षरे ओतणाऱ्याचे) नाव व १८०३ हे वर्ष देतात. थॉर्न हा टॉमस कॉटरेलचा शिष्य. कॉटरेलने १७६० च्या दशकातच भित्तिपत्रकांसाठी मोठी अक्षरे ओतली होती आणि त्याची ओतशाळा १७९४ मध्ये थॉर्नकडे आली. मुद्रक विल्यम सॅव्हेजने १८२२ मध्ये मुद्राक्षरांतील क्रांतीचे, तर मुद्रक टी. सी. हॅन्सर्डने १८२५ मध्ये या जाड अक्षराच्या प्रसाराचे श्रेय मुख्यत्वे थॉर्नला दिले. हॅन्सर्डला ही नवी फॅशन फारशी रुचलेली नव्हती, म्हणून त्याची साक्ष अधिक विश्वसनीय मानावी लागते. मात्र ‘मुख्यत्वे’ या शब्दात इतर ओतारींनाही वाव राहतो. शिवाय थॉर्नच्या फॅट फेसचा भक्कम पुरावा त्याच्या मृत्यूनंतरचा आहे : १८२० मध्ये तो वारल्यावर विल्यम थोरोगुडने ओतशाळा घेतली व १८२१ मध्ये अक्षरांचे नमुनापुस्तक काढले. त्यामुळे १८०३ हे वर्ष जपूनच घ्यावे. एकाच व्यक्तीने शोध लावण्यापेक्षा, अनेक ओतशाळांच्या स्पर्धेत अक्षर टप्प्याटप्प्याने जाड होत गेले हे मत अधिक ग्राह्य वाटते. या स्पर्धेला सरकारी लॉटरीच्या जाहिरातींनी मोठी चालना दिली. ही लॉटरी १८२६ मध्ये बंद झाली. थोरोगुडने ओतशाळा लॉटरीच्या बक्षिसातून घेतली, असेही सांगतात.

मोठ्या आकाराचे धातूचे खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जड व महाग पडत. डेरियस वेल्सने १८२७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये यंत्राने लाकडी अक्षरे कोरण्यास सुरुवात केल्यावर ही अडचण कमी झाली. आतून रेघ दिलेले, छायायुक्त व नक्षीदार प्रकारही निघाले.

शतकाच्या उत्तरार्धात हे वळण मागे पडले. अमेरिकन मुद्राक्षरकार मॉरिस फुलर बेंटनचे अल्ट्रा बोदोनी (१९२८) व त्यापाठोपाठचे पोस्टर बोदोनी यांनी ते पुन्हा प्रचारात आणले. मुद्राक्षरकार मॅथ्यू कार्टरचे एलिफंट हे वळण व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या ओतारीच्या अक्षरांवर आधारलेले आहे.