आंबोलीची पिवळ्या पोटाची पाल विषारी नाही

जंगलातली रंगीत पाल विषारी, ती चावली की माणूस दगावतो, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. हे साफ खोटं आहे. भारतातल्या कुठल्याच पालीच्या चाव्याने माणसाला विषबाधा होत नाही.

आंबोलीच्या जंगलातली नेमास्पिस फ्लॅविव्हेंट्रालिस हीच घ्या. सह्याद्रीतल्या या पालीचं शास्त्रीय वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. नराचं पोट पिवळंधमक. नेमास्पिस वंशातल्या पालींच्या डोळ्यांची बाहुली गोल असते, कारण त्या बहुतेक दिवसा वावरतात. घरातल्या पालीची बाहुली उभी. बोटंही सडपातळ, टोकाला नखं, घरच्या पालीसारख्या रुंद गाद्या नाहीत. नवी प्रजाती ठरवताना खवल्यांची रचना, नराच्या मांडीवरची छिद्रं, शरीराची मापं असं सगळं बारकाईने तपासतात. किती देखणं काम आहे हे! अशा इवल्याशा जिवाला केवळ भीतीपोटी झाडूने मारतात, याचं फार वाईट वाटतं.

मग दुधात पाल पडल्यावर उलट्या का होतात? पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. त्यामुळे असं दूध फेकूनच द्यावं, पण दोष जिवाणूंचा, विषाचा नाही.