मुलांचा गुडघा: ऑपरेशन आत्ता की वाढ झाल्यावर?

बडोद्यात मल्लखांब, कुस्ती, खो-खो जुने, तसे लचकलेले गुडघेही जुनेच. आखाड्यात लेप, पट्टा आणि विश्रांती एवढ्यावर भागायचं. मुलांचं लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी दोरी (एसीएल), तुटत नाही, असं डॉक्टरही बराच काळ धरून चालत. अनेकदा होतंही तसंच: लिगामेंट शाबूत राहतं आणि ते जिथे चिकटलेलं असतं, तो नडगीच्या हाडाचा तुकडाच उपटून येतो. १९५९ मध्ये या तुकड्यांचे प्रकार ठरले. पुढे गुडघ्यात घालून पाहायची दुर्बीण आणि एमआरआय आल्यावर दिसलं की १२-१३ वर्षांच्या मुलांत लिगामेंट मधूनही तुटतं.

ऑपरेशन आत्ता करायचं की वाढ संपल्यावर, हा वाद खरा तिथून पेटला. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या ग्रोथ प्लेटमधून, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या मऊ चकतीतून होते. मोठ्यांसारखं भोक पाडून नवं लिगामेंट ओवलं, की ते भोक या प्लेटमधून जाणार. तिथे हाड भरून आलं तर पाय वाकडा किंवा आखूड होण्याची धास्ती. म्हणून सल्ला ठरलेला: ब्रेस लावा, खेळ बंद, मुलगी १४ ची, मुलगा १६ चा झाला की बघू.

धास्ती खोटी नव्हती. पण मुलं थांबत नाहीत, हे त्या सल्ल्यात धरलेलंच नव्हतं. सूज उतरली की गल्लीत क्रिकेट, नवरात्रात गरबा. एका गिरकीत गुडघा सटकतो आणि आतली मेनिस्कसची गादी चिरते. अशा दोन-तीन सटकण्यांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, झिजायला लागते, आणि ती पूर्ववत होत नाही. पाय सरळ राहिला, पण गुडघा विशीतच म्हातारा झाला, असं कितीतरी मुलांचं झालं.

दरम्यान वाटा निघाल्या होत्या. अगदी लहानांसाठी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या चिवट आवरणाचा पट्टा हाडाला भोक न पाडता गुडघ्यात वळवून त्याचंच नवं लिगामेंट करतात. थोड्या मोठ्यांत भोक लहान आणि शक्य तितकं उभं ठेवून त्यात हाडाचा तुकडा न घालता फक्त स्नायूची दोरी भरतात. आधी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात, कारण जन्मतारखेवर भागत नाही.

२०१८ च्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने दोन्ही मार्ग मान्य केले: गादी शाबूत असेल तर आधी नेटाने व्यायाम, गुडघा वारंवार सटकत असेल किंवा गादी शिवण्याजोगी फाटली असेल तर ऑपरेशन. ऑपरेशननंतर किमान १२ महिने धावून-वळून खेळायचं नाही. पालकांना ही अट जाचते. पण पंचविशीच्या आतले जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यात जवळजवळ चारांतल्या एकाचं लिगामेंट पुन्हा तुटतं, त्याच पायाचं किंवा दुसऱ्या.