ट्रोल: पुलाखालचा राक्षस की होडीमागचा गळ?

इंटरनेटवरचा ‘ट्रोल’ हा शब्द आला कुठून, हा वाद सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, ट्रोल म्हणजे नॉर्वेच्या लोककथेत पुलाखाली दबा धरून बसणारा, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवणारा राक्षस. दुसरा म्हणतो, छे, हा मासेमारीतला शब्द. मग एखादा कोकणातला ट्रॉलर मध्ये आणतो आणि चहा निवतो.

ट्रॉलरचं आधी मिटवू. रत्नागिरीच्या बंदरातला ट्रॉलर पिशवीसारखं जाळं ओढतो, वाटेत येईल ते सगळं गोळा करतो. ट्रोलिंग वेगळं. त्यात चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ सोडतात. झडप घालेल तोच मासा अडकतो, बाकीचे सुटतात.

इंटरनेटवरचं ट्रोलिंग सुरुवातीला अगदी असंच होतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला यूजनेट नावाच्या चर्चाजालावर शहरी दंतकथांचा एक गट होता. तिथले मुरलेले सदस्य मुद्दाम चघळून चोथा झालेला विषय काढायचे. जुने ओळखून गप्प, नवखा मात्र तावातावानं चूक सुधारायला धावायचा. याला ते ‘ट्रोलिंग फॉर न्यूबीज’ म्हणत, म्हणजे नवख्यांसाठी गळ टाकणं. पुण्यातल्या एखाद्या ग्रुपवर भोळा चेहरा करून विचारून बघा, ‘मानाच्या पाच गणपतींत दगडूशेठ कितवा?’ जुनी खोडं हसतील. कोणीतरी मात्र कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा अशी अख्खी यादी टंकून ‘दगडूशेठ मानाचा नाहीच!’ असं ठणकावेल. लागला गळाला.

व्हिएतनाम युद्धात शत्रूच्या मिग विमानांना भुलवून बाहेर काढायला निघालेले अमेरिकी वैमानिकही ‘ट्रोलिंग’च म्हणत. तिथेही राक्षस नव्हता, आमिष होतं.

मग राक्षसवाले साफ चुकले का? नाही. दोन्ही इंग्रजी शब्दांचा उच्चार एक, कुळं वेगळी. राक्षस स्कँडिनेव्हियातला, तर गळवालं क्रियापद बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या शिकारीच्या शब्दावरून आलेलं. पण गळ टाकणाऱ्या माणसालाच ट्रोल म्हणायला लागल्यावर राक्षस आयताच हाताशी होता. ‘ट्रोलला खायला घालू नका’, म्हणजे त्याला उत्तरच देऊ नका, हा सल्ला बघा ना. गळाला कोण खायला घालतं? जन्म गळाचा, चेहरा राक्षसाचा, असं माझं मत. पुणेरी पाटीला मात्र यात ओढू नये. तिला उत्तर नकोच असतं.

आता मराठीत ‘अमक्याला ट्रोल केलं’ म्हणजे झुंडीनं तुटून पडणं, शिवीगाळ करणं. यात ना आमिष, ना मिश्कीलपणा. असल्या झुंडीला ट्रॉलरचं जाळं शोभतं खरं, पण तेवढ्यावरून शब्दाचं मूळ ट्रॉलरात आहे असं म्हणता येत नाही.