अंडी लपवायची कुणी, शोधायची कुणी

एप्रिल २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये एका नावावरून गदारोळ झाला. जुने वाडे आणि बागा सांभाळणारी एक संस्था आणि तिची प्रायोजक चॉकलेट कंपनी मिळून ईस्टर या ख्रिस्ती सणाला मुलांसाठी लपवलेली अंडी शोधण्याचा खेळ भरवत असत. त्याला आधी 'ईस्टर एग ट्रेल' म्हणत. त्या वर्षी पाट्यांवर 'ग्रेट ब्रिटिश एग हंट' आलं. ईस्टर गेला, ब्रिटिश आला. एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी हे कंपनीच्या संस्थापकाच्या थडग्यावर थुंकण्यासारखं असल्याचं सुनावलं. पंतप्रधानबाई पाद्र्याच्या कन्या. त्या तेव्हा पश्चिम आशियाच्या दौऱ्यावर होत्या, आणि तिथूनच त्यांनी हे हास्यास्पद ठरवलं. ईस्टर हा शब्द आमच्या प्रसिद्धीत जागोजागी आहे, असं आयोजक सांगत राहिले. ते कुणी ऐकून घेतलं नाही.

गंमत अशी की तो संस्थापक क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. त्या पंथात ठरावीक सणवार पाळत नसत. आमचे पूर्वज ईस्टर साजराच करत नव्हते, हे शेवटी त्यांच्या वंशातल्याच एका बाईंना सांगावं लागलं. थडग्यातल्या माणसाला राग आलाच असता तर कशाचा, हा प्रश्न मग मागे पडला. मला तर त्या नावात 'हंट' हाच शब्द जास्त खटकतो. जर्मन लोक या खेळाला नुसतं 'शोधणं' म्हणतात. इंग्रजीत त्याची शिकार झाली, आणि पुढे तो शब्द शब्दशः खरा ठरला.

अंड्यांचं मूळ साधं आहे. ईस्टरआधीच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात अंडी वर्ज्य होती, पण ते कोंबड्यांना कोण सांगणार? साठलेली अंडी उकडून ठेवायची, रंगवायची, सण उजाडला की वाटायची. १२९० साली इंग्लंडच्या राजवाड्याच्या हिशेबात ४५० अंड्यांसाठी अठरा पेन्सचा खर्च आहे. त्यांतल्या काहींना सोन्याचा वर्ख लावला होता. ती वाटली गेली, लपवली नाहीत. लपवण्याची नोंद १६८२ ची, एका जर्मन वैद्याची : ससा बागेत, झुडपांत अंडी ठेवून जातो आणि मुलं ती शोधतात, हे बघून मोठ्यांची करमणूक होते. इंग्लंडमध्ये ही रीत राजघराण्यातल्या जर्मन सुनांबरोबर आली असावी. १८३३ साली केन्सिंग्टन राजवाड्यात तेरा वर्षांच्या राजकन्येनं रोजनिशीत लिहिलं, आईनं सुंदर अंडी रंगवली आणि आम्ही ती शोधली. आई जर्मन होती. पुढे ही मुलगी राणी झाली, आणि तिच्या मुलांसाठी अंडी लपवायचं काम तिच्या जर्मन नवऱ्याकडे आलं.

१८७३ पासून ब्रिटनमध्ये चॉकलेटची पोकळ अंडी निघाली आणि हिशेबच बदलला. कोंबडी किती अंडी देणार याला मर्यादा होती, कारखान्याला नव्हती. हजारो अंडी मैदानावर टाकता येऊ लागली, म्हणजे लपवायची गरजच उरली नाही. (वांद्र्याच्या बेकऱ्यांत मिळणारी मार्झिपानची, म्हणजे बदाम-साखरेची अंडी अजून सरळ खोक्यातून हातात येतात, ती कुणी गवतात फेकत नाही.)

२०११ साली अमेरिकेत, कोलोराडो स्प्रिंग्जच्या एका बागेत अंड्यांच्या जागेभोवती दोरी बांधून मुलांना आत सोडलं होतं. आपलं पोर मागे राहील या काळजीनं आईबापच दोरी ओलांडून आत घुसले. खेळ बघता बघता आटोपला. पुढच्या वर्षी आयोजकांनी तो रद्दच केला. २०१६ मध्ये कनेक्टिकटमध्येही तेच झालं : ठरलेल्या वेळेआधीच मोठी माणसं मैदानात, आणि कडेला रिकाम्या टोपल्या घेऊन रडणारी लहानगी. त्या नामांतराइतका आरडाओरडा याबद्दल झाला नाही.

वयोगटांची वेगळी वेळ, प्रत्येक मुलाला ठरावीक अंडी किंवा प्रत्येकाचा वेगळा रंग, हे आज सांगितले जाणारे नियम अशाच प्रसंगांवर उपाय आहेत. घरी खेळ ठेवणारे एक जास्तीचा नियम पाळतात : कुठे कुठे लपवलं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. उकडलेलं अंडं सोफ्यामागे राहून गेलं, तर चौथ्या दिवशी त्याचा पत्ता आपोआप लागतो.